ईपीएस-९५च्या किमान पेन्शनसाठी संसदेच्या याचिका समितीकडे अर्ज कसा करायचा?

फिटर_वाळवा

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालो. मिल हाऊसला फिटर होतो. ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन दोन हजारांच्या आत आहे आणि गोळ्या-औषधांतच ती संपते. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत असे चाळीसेक पेन्शनर आहोत. काहींना तर जेमतेम हजारच मिळतात.

आम्ही ठरवलंय की संसदेच्या याचिका समितीला अर्ज करायचा. मराठीत मजकूर लिहून झालाय. वर 'मा. पंतप्रधान' असं घातलंय आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून राष्ट्रपती, अर्थमंत्री, कामगार मंत्री, लोकसभा अध्यक्ष आणि याचिका समिती यांची नावं आहेत. मागं सगळ्यांच्या पेन्शनच्या पासबुकांच्या झेरॉक्स जोडल्यात. किमान पेन्शन वाढवा ही मुख्य मागणी. त्यातच आमच्यातल्या एका वहिनींची विधवा पेन्शन नावातल्या फरकामुळं अडकलीय, तेही लिहिलंय. एका हंगामी कामगाराची सेवा कमी धरलीय, ते लिहिलंय. आणि वाढीव पेन्शनची केस हायकोर्टात चालू असलेले दोघे आहेत, त्यांचंही टाकलंय.

आता विचारायचं असं की, मराठीत चालतं का? खासदारांची सही लागतेच का? स्टॅम्प किती रुपयांचा लावायचा? दिल्लीला बोलावतात का? तालुक्याच्या गावी एक जण म्हणतो की माणशी पाचशे द्या, दिल्लीचं काम मी करून आणतो. आमच्यातले काही जण द्यायला तयार झालेत. कुणाला खरोखर माहिती असेल त्यांनी सांगावं.

निवृत्त_वाहक_धाराशिव

काका, मी एसटीतला. माझीही तीच पेन्शन. मनापासून सांगतो, हा रस्ता आपल्या लोकांनी एकदा चालून झालाय. राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ साली आपल्या पेन्शनवरच अहवाल दिला. भगतसिंह कोश्यारी तिचे अध्यक्ष होते, म्हणून सगळे तिला कोश्यारी समिती म्हणतात. किमान ३,००० रुपये द्या आणि त्याला महागाईची जोड द्या, असं त्यांनी लिहून दिलं. त्यानंतर १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० झाली आणि तिथंच राहिली. शेवटी २०१८च्या डिसेंबरात बुलढाण्यात आपल्या माणसांना साखळी उपोषणाला बसावं लागलं.

अर्जात जीव घालवू नका, मोर्चाला या. माझा अनुभव एवढाच सांगतो.

आवकजावक

काका, नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात बरीच वर्षं काम केलं. आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा, उत्तर आलं की अर्जदाराला कळवायचं, हे माझं काम. म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी त्या पाचशे रुपयांचं. कुणालाही एक पैसा देऊ नका. संसदेकडच्या याचिकेला स्टॅम्प नाही, फी नाही, वकील नाही. कोर्टात जशी रिट याचिका असते तसलं हे प्रकरण नव्हे. तुम्ही नागरिक म्हणून थेट सभागृहाला लिहिता आहात, मध्ये दलाल लागत नाही. चाळीस जणांचे वीस हजार होतात. तुमच्यातल्या हजार रुपयेवाल्या एका माणसाची ती वीस महिन्यांची पेन्शन झाली. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

आता तुमच्या कागदाबद्दल. तो आहे तसा पाठवलात तर त्याचं काहीच होणार नाही, म्हणून आधी थांबवा. पहिलं कारण ती 'प्रत माहितीसाठी'ची यादी. लोकसभेच्या समितीचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. दुसऱ्या कुणाला लिहिलेल्या पत्राची नुसती प्रत आली तर ती विचारात घेत नाहीत, त्या प्रतीवर समितीला उद्देशून वेगळी मागणी लिहिलेली असेल तरच घेतात. निनावी किंवा पत्ता नसलेलं पत्रही बाजूला जातं. आपल्याकडे समज असा की जितकी नावं खाली जास्त तितकं पत्र वजनदार. माझ्या टेबलावर अशी पत्रं ढिगानं यायची आणि प्रत्येक कार्यालय समजायचं की ज्याच्या नावानं पत्र आहे तो बघेल. याचिका सभागृहाच्या नावानं लिहायची. लोकसभेला द्यायची तर 'लोकसभेस', बस्स.

दुसरं, त्या झेरॉक्स. लोकसभेच्या नियमानुसार याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कागदपत्रं जोडायचीच नाहीत. सगळ्या झेरॉक्स काढून ठेवा, पण फाईल करून जपा. समितीनं पुढे तपशील मागितला तर लागतील.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही चार निरनिराळ्या गोष्टी एका कागदात घातल्या आहेत आणि त्यातल्या तीन त्या समितीपुढे टिकणार नाहीत. याचिका कशावर चालते? सभागृहापुढच्या एखाद्या विधेयकावर, सभागृहात प्रलंबित असलेल्या कामकाजावर, किंवा सार्वजनिक हिताच्या सर्वसाधारण प्रश्नावर. या तिसऱ्या प्रकारात मात्र अटी आहेत. प्रकरण कोर्टापुढे, न्यायाधिकरणापुढे किंवा चौकशी आयोगापुढे असता कामा नये. मुळात राज्याच्या विधिमंडळात मांडण्याचा विषय असता कामा नये. आणि ज्यावर कायद्यानं दाद मागता येते अशी तक्रार नको.

म्हणजे हायकोर्टातले ते दोघे बाहेर. त्यांचा परिच्छेद काढला नाही तर सगळीच याचिका न्यायप्रविष्ट म्हणून परत येईल, आणि त्या दोघांपायी अडतीस जणांचं काम अडेल. त्यांनी आपला लढा कोर्टातच द्यावा. वहिनींची अडकलेली विधवा पेन्शन हे पीएफ कार्यालयाचं काम आहे. त्यासाठी ईपीएफओचं, म्हणजे पीएफ संघटनेचं, तक्रार पोर्टल आहे, आणि दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिर भरतं, तिथं अधिकारी समोर भेटतात. हंगामी कामगाराचंही तसंच. हंगामात केलेली प्रत्यक्ष नोकरी वर्षापेक्षा कमी भरली तरी त्या वर्षाची सेवा पूर्ण वर्ष धरावी, अशी तरतूद योजनेतच आहे. त्यांना हक्कानं मागता येतं, त्यासाठी संसदेपर्यंत जायची गरज नाही.

उरली किमान पेन्शन. हा खरा याचिकेचा विषय. देशभरातल्या लाखो लोकांचा, केंद्राच्या अखत्यारीतला, आणि कोणत्याही कार्यालयातल्या कारकुनाच्या हातात नसलेला.

एसटीतल्या दादांचं दुःख मला कळतं. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं आहे आणि त्यांनी मोर्चे सोडावेत असं मी म्हणणार नाही. पण त्या २०१३च्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, ती कमी लोकांना माहीत आहे. ईपीएसमध्ये मालकाच्या वाट्यातले पगाराचे ८.३३ टक्के जातात आणि केंद्र सरकार फक्त १.१६ टक्के घालतं. सरकारनं आपला वाटा मालकाइतका करावा, असं समितीनं म्हटलं होतं. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायला हवं. पण शिफारस आल्यावर सरकार गप्प बसू शकत नाही. काय केलं, काय केलं नाही आणि का नाही, याचं उत्तर मंत्रालयाला समितीला द्यावंच लागतं. सामान्य माणसानं मंत्रालयाला पत्र लिहिलं तर 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे' एवढी ओळ येते. इथं सचिव दर्जाच्या माणसाला खासदारांसमोर बसून बोलावं लागतं. माझ्या लेखी याचिकेचं मोल तेवढंच आहे आणि ते पुष्कळ आहे.

सुभेदार_खटाव

आवकजावक ताईंच्या म्हणण्याला माझा एक जोड. मी फौजेतला. आमची 'वन रँक वन पेन्शन'ची मागणीही राज्यसभेच्या याचिका समितीपुढेच गेली होती. अध्यक्ष तेच, कोश्यारी. डिसेंबर २०११चा १४२वा अहवाल. समान हुद्दा, समान सेवा, तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन समान, आणि पुढची वाढ जुन्यांनाही आपोआप, असं त्या अहवालात सरळ लिहिलं होतं. तोवर आम्ही नुसत्या घोषणा देत होतो. अहवाल आल्यावर आमच्या हातात मोजमाप आलं. २०१४च्या फेब्रुवारीत सरकारनं तत्त्व मान्य केलं आणि ७ नोव्हेंबर २०१५ला आदेश निघाला.

पण दुसरी बाजूही सांगतो. त्या आदेशात 'आपोआप'ऐवजी दर पाच वर्षांनी फेरआढावा आला. आमच्या संघटनेचे लोक सुप्रीम कोर्टात गेले. १६ मार्च २०२२च्या निकालात कोर्टानं सरकारचं धोरण उचलून धरलं, आणि कोश्यारी समितीचा अहवाल म्हणजे सरकारी धोरणाचं निवेदन मानता येणार नाही, असं म्हटलं. तेव्हा काका, अहवाल आला म्हणजे हक्क मिळाला असं कुणी सांगितलं तर मानू नका. तरीही २०११चा तो अहवाल नसता तर आमची मागणी एवढी पुढे सरकली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

फिटर_वाळवा

ताई, सुभेदारसाहेब, फार उपकार झाले. पाचशेवाल्याला कालच नाही म्हणून सांगितलं. वहिनींना घेऊन त्यांचा मुलगा शिबिराला जाणार आहे. हायकोर्टवाले दोघे आधी नाराज झाले, पण समजावल्यावर पटलं त्यांना.

भाषेचं आणि खासदारांच्या सहीचं राहिलं. आणि आमच्यातल्या सात-आठ जणांना सही येत नाही. त्यांना वगळायचं का? दुसरं, राज्यसभेकडे द्यायची की लोकसभेकडे? आणि ताई, लिहायचं तरी कसं तेवढं सांगा. आम्ही लिहिलेल्यात राग फार आलाय.

आवकजावक

काका, कुणालाही वगळू नका. अंगठा चालतो, नियमातच आहे. फक्त प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता समोर हवा. माझी एक आग्रहाची विनंती, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या असतील तर त्या वापरू नका. मजकूर पक्का झाला की सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्यानं वाचून दाखवा आणि मग त्याच मजकुराखाली सह्या आणि अंगठे घ्या. ज्या माणसानं अंगठा दिला त्याला आपण काय मागितलं ते माहीत असलं पाहिजे.

भाषा: लोकसभेत याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिता येते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचं आणि त्यावरही अर्जदाराची सही हवी. मी तर म्हणेन मराठी मजकूर ठेवाच. तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत राहतं. गावातल्या हायस्कूलच्या हिंदीच्या बाईंना किंवा सरांना सांगितलं तर एका दुपारीत करून देतील.

खासदारांची सही: दोन वाटा आहेत. एक म्हणजे कुणीही लोकसभा सदस्य याचिकेवर प्रतिस्वाक्षरी करून ती सभागृहात सादर करतो. तुमच्याच मतदारसंघाचा असला पाहिजे असं नाही. तो उभा राहून अमुक इतक्या अर्जदारांची अमुक विषयावरची याचिका सादर करतो, एवढंच म्हणतो. त्यावर चर्चा होत नाही, याचिका सरळ समितीकडे जाते. दुसरी वाट, तुम्ही स्वतः लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवायची आणि ते सभागृहाला कळवतात. लोक इथं एक गोष्ट चुकतात. खासदारांच्या लेटरहेडवर शिफारसपत्र घेतात आणि समजतात काम झालं. शिफारसपत्र निराळं आणि याचिकेवरची प्रतिस्वाक्षरी निराळी. आमच्याकडे कुणी शिफारसपत्र मागायला आलं की मी आधी विचारायची, तुमचा मूळ कागद कुठं आहे? तुम्ही जाल तेव्हा याचिकाच पुढे ठेवा. अधिवेशन सुरू व्हायच्या आधी जा. अधिवेशनात साहेब दिल्लीत असतात आणि कार्यालयातली आमच्यासारखी माणसं फक्त कागद ठेवून घेऊ शकतात.

समजा ती याचिकेच्या साच्यात बसली नाही, तरी समितीला उद्देशून साधं निवेदन पाठवता येतं. लोकसभेची समिती अशी निवेदनंही तपासते. पत्ता लोकसभा सचिवालय, संसद भवन अ‍ॅनेक्सी, नवी दिल्ली ११०००१.

कुठलं सभागृह? लोकसभेची समिती १५ जणांची, लोकसभा अध्यक्षांनी नेमलेली, राज्यसभेची १० जणांची. मंत्र्याला लोकसभेच्या समितीत घेत नाहीत, हे मला नेहमी चांगलं वाटत आलं आहे. मोठा फरक एकच: लोकसभा विसर्जित झाली की समितीपुढे पडून असलेल्या याचिका संपतात, पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात. राज्यसभा विसर्जित होत नाही. पण तुमच्या विषयावर राज्यसभेच्या समितीनं एकदा सविस्तर अहवाल दिलेला आहे, म्हणून या वेळी लोकसभेकडे जावं असं माझं मत. आत्ता दिलीत तर हातात वेळही आहे.

आता मजकूर. भाषा आदराची आणि संयमाची असावी, हीसुद्धा नियमातली अट आहे. तुमचा राग खरा आहे, पण तो विशेषणांतून न येता आकड्यांतून येऊ द्या. मी तुमच्यासाठी कच्चा मसुदा करते:

'लोकसभेस. सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्यांतून निवृत्त झालेल्या, कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खाली पेन्शन घेणाऱ्या खाली सह्या करणाऱ्या कामगारांची नम्र याचिका.

अर्जदार असे निवेदन करतात की, या योजनेतील किमान मासिक पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. त्यानंतर ती वाढलेली नाही आणि तिला महागाई भत्त्याची जोड नाही. योजनेच्या सूत्रानुसार १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली तरी ३५ वर्षांच्या सेवेला ७,५०० रुपये येतात. अर्जदारांची बहुतेक सेवा याहून खूप कमी वेतनमर्यादेच्या काळात झाल्याने त्यांच्या हाती त्याचा एक अंशच येतो. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३मध्ये किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती.

म्हणून अर्जदारांची प्रार्थना अशी की, सभागृहाने (अ) किमान पेन्शनचा फेरविचार करून ती महागाईशी जोडण्याबाबत, आणि (ब) केंद्र सरकारचा १.१६ टक्के वाटा वाढवण्याबाबत श्रम मंत्रालयाकडून कारणांसह उत्तर घेऊन योग्य ती शिफारस करावी. आणि कर्तव्यबुद्धीने अर्जदार सदैव प्रार्थना करीत राहतील.'

शेवटची ओळ जुन्या वळणाची वाटेल, पण लोकसभेनं दिलेल्या नमुन्यात तशीच आहे, ठेवा. 'कारणांसह उत्तर' हे शब्दही काढू नका. नुसतं 'वाढवा' म्हटलं तर 'आर्थिक भार पडेल' असं उत्तर येतं. किती भार, कोणत्या हिशेबानं, हे मंत्रालयाला सांगावं लागावं म्हणून ते शब्द आहेत.

दिल्लीला बोलावतात का विचारलंत. समिती आधी मंत्रालयाकडून वस्तुस्थिती मागवते. गरज वाटली तर अर्जदारांची आणि मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांची साक्ष घेते. सगळ्यांनाच बोलावतात असं नाही. बोलावलं तर तुमच्यातले दोघे-तिघे जायची तयारी ठेवा, आणि तिथं काय बोललं गेलं ते अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत बाहेर सांगायचं नाही, हे जाणाऱ्यांना नीट समजावून ठेवा. वर्तमानपत्रवाले विचारतीलच.

कोयनाकाठ

ताई, याच धाग्यात विचारतो. आमचा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या जमिनीचा प्रश्न आहे. तोही इथंच पाठवायचा का?

आवकजावक

नाही दादा. पुनर्वसनाची जमीन राज्य सरकार देतं, तेव्हा तो विषय राज्याच्या विधिमंडळाचा. दिल्लीहून परत येईल. आपल्या विधानसभेची आणि विधान परिषदेची विनंती अर्ज समिती आहे, मुंबईच्या विधान भवनातून काम चालतं आणि तिथं मराठीत अर्ज चालतो. तुमच्या आमदारांकडे जा. तुमचं प्रकरण कोर्टात आहे का ते आधी सांगा, आणि वेगळा धागा काढलात तर तिथं सविस्तर लिहिते.

निवृत्त_वाहक_धाराशिव

ताई, मी वर रागानं लिहिलं होतं, पण तुमचा मसुदा तीनदा वाचला. सरकारच्या १.१६ टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्या डेपोतल्या निवृत्तांनीही अशीच याचिका दिली तर चालेल का? की एकाच विषयावर दोन आल्या तर अडचण होते?

आवकजावक

अडचण नाही, द्या. फक्त काकांच्या मजकुराची नक्कल करू नका. एसटीतल्या माणसाचा पगार, सेवेची वर्षं, हातात येणारी पेन्शन हे तुमचं तुमचं लिहा. साखर कारखान्याचा फिटर आणि एसटीचा वाहक या दोघांचे आकडे शेजारी शेजारी आले तर समितीला दिसेल की प्रश्न एका कारखान्याचा नाही.

काका, हिंदी भाषांतर झालं की इथं टाका, मी वाचून सांगते. आणि याचिका स्पीड पोस्टानंच पाठवा, पोच पावतीसह. पावती आणि याचिकेची प्रत तुमच्यातल्या दोघांच्या घरी वेगवेगळी ठेवा. उत्तर यायला महिने लागतील आणि तेव्हा पहिली विचारणा पावतीवरच्या तारखेची होईल.